वावळाचे बी मार्चअखेरीची वाट पाहत नाही : वृक्ष प्राधिकरणांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील महानगरपालिका व नगरपालिकांच्या वृक्ष प्राधिकरण समित्या, उद्यान विभाग, आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका सांभाळणारे अधिकारी व कर्मचारी यांस

विषय : वावळाचे बी गोळा करण्यास दर वर्षी मार्चअखेरीआधी मंजुरी मिळण्याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की लागवडीच्या याद्या निघतात. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, कांचन ही नावे त्यात असतात, आणि ती असायलाच हवीत. वावळ मात्र क्वचित दिसतो. हे झाड दुर्मीळ नाही, अवघडही नाही. दख्खनच्या कोरड्या टेकड्यांवर, ओढ्याकाठी, जुन्या वाड्यांच्या मागे, गावच्या शिवेवर ते आपोआप उगवते आणि कुणी पाणी न घालता वाढते. रोपवाटिकेत ते नसण्याचे कारण कागदोपत्री आहे. वावळाचे बी एप्रिलमध्ये पिकते आणि मे सरता सरता उडून जाते. जुन्या आर्थिक वर्षाचा निधी तेव्हा परत गेलेला असतो आणि नव्याचा हाती आलेला नसतो. निविदा उघडते तोवर झाडाखाली कचऱ्यात मिसळलेल्या पोकळ पापड्या, म्हणजे वावळाची चपटी, पंखाची फळे, तेवढ्या उरतात. मग पुरवठादार जे हाताशी असेल ते देतो, आणि वावळ आणखी एक वर्ष मागे पडतो.

हे पत्र बी पिकण्यापासून ते उडून जाईपर्यंतच्या त्या सहा आठवड्यांसाठी आहे.

ओळखीपासून सुरुवात करतो, कारण बीसंकलनाला जाणाऱ्या माणसाची पहिली चूक तिथेच होते. वावळ हा एल्म या थंड प्रदेशातल्या झाडाच्या कुळातला. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९८ मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा त्याला एल्मच्याच प्रजातीत, उल्मसमध्ये, घातले होते. पुढे १८४८ मध्ये प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची वेगळी प्रजाती केली आणि नाव पडले होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया. ‘प्टेलिया’ हे एल्मचे ग्रीक नाव, आणि ‘इंटेग्रिफोलिया’ म्हणजे अखंड कडेच्या पानाचा. खऱ्या एल्मच्या पानाची कड करवतीसारखी असते, वावळाची सरळ. पण रोपावस्थेत वावळाचे पानही दातेरी असते. हे माहीत नसलेला मजूर वाफ्यातली दातेरी रोपे तण समजून उपटून टाकतो. रोपवाटिकेतल्या प्रत्येकाला ही गोष्ट एकदा रोप हातात देऊन दाखवावी.

मोठे झाड पंधरा ते पंचवीस मीटर उंच जाते. साल राखाडी, जुनी झाली की बुचासारखे तुकडे सुटणारी. पान चुरगाळले की उग्र, नकोसा वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की झाड चुकत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पाने झडलेल्या काटक्यांवर तपकिरी-हिरवट बारीक फुले येतात, ती कुणाच्या लक्षातही येत नाहीत. मार्चमध्ये मात्र निष्पर्ण झाड लांबून हिरवेगार दिसते. ती पालवी नसते, पापड्यांचे घोस असतात.

एक पापडी उन्हासमोर धरून पाहा. रुपयाच्या नाण्याएवढी, कागदासारखी पातळ, शिरांचे जाळे स्पष्ट दिसणारी. वरच्या टोकाला छोटी खाच. मधोमध जो गडद, किंचित फुगीर ठिपका दिसतो तेच बी. ठिपका बोटाला लागत नसेल आणि पापडी सगळीकडून सारखीच चपटी असेल, तर ती पोकळ. मुठीत घेतलेल्या पापड्यांपैकी बऱ्याच अशा निघतात, म्हणून बी किलोवर मोजून घेणाऱ्यांनी ही बोटाची परीक्षा आधी करावी.

बी कधी आणि कसे घ्यायचे

पापड्या हिरव्याच्या गवती-पिवळ्या झाल्या आणि फांदी हलवली की सुटू लागल्या, की वेळ झाली. हिरव्या ओरबाडल्या तर मगज भरलेला नसतो आणि वाळवताना आकसतो. आठ-दहा दिवस उशीर केला तर वारा आधी घेऊन जातो. गाव, उतार आणि झाड यांप्रमाणे ही वेळ पुढे-मागे होते, म्हणून तारीख ठरवून जाऊ नये. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून दर चार दिवसांनी ठरलेली झाडे पाहून यावीत.

सकाळी वारा पडलेला असताना झाडाखाली जुनी चादर किंवा ताडपत्री पसरावी आणि आकडीने फांद्या हलवाव्यात. रस्त्यावरून झाडून गोळा केलेले बी घेऊ नये. त्यात माती आणि किडलेले बी येते, आणि पोकळ पापड्याच जास्त भरतात, कारण भरलेली पापडी झाडाजवळ पडते आणि हलकी दूर जाऊन कडेला साचते. बी एकाच झाडाचे नसावे. किमान दहा झाडे निवडावीत, एकमेकांपासून लांबची, सरळ बुंध्याची, निरोगी. टेकडीवर लावायचे असेल तर बी टेकडीवरच्या झाडांचे घ्यावे.

गोळा केलेल्या पापड्या सावलीत दोन-तीन दिवस पसराव्यात. सिमेंटच्या गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या तर बी मरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून बांधल्या तर आतल्या ओलीने गरम होतात आणि बुरशी धरते. सुती पिशवी किंवा गोणपाट चालेल. पंख काढायची गरज नाही, हलक्या हाताने चोळून कडा मोडल्या तरी पुरे. एका किलोत साधारण पंचवीस ते तीस हजार बिया बसतात. पोकळ बिया, न उगवणाऱ्या बिया आणि वाफ्यातली मर धरूनही हजार रोपांसाठी दीडशे ग्रॅम बी पुरते, हाताशी दोनशे असावे. म्हणजे दहा हजार रोपांचे बी दोन किलोत बसते, आणि दोन माणसांचे काही सकाळींचे काम आहे. एवढ्यासाठी वेगळी निविदा काढायची गरज भासू नये.

बी पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या भानगडीत पडू नये. महिन्यागणिक उगवण घटते. घेतले त्याच मोसमात पेरावे.

वाफा

एक मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच गादीवाफा करावा. बारीक माती दोन भाग, चाळलेले कुजके शेणखत एक भाग, वाळू एक भाग. कच्चे शेणखत घातले तर हुमणी येते आणि कोवळी मुळे कुरतडते. वाफा आधी भिजवून मग बी पसरावे. कोरड्या वाफ्यावर पसरलेल्या पापड्या दुपारच्या वाऱ्याने शेजारच्या वाफ्यात जातात, आणि नंतर कुठली रोपे कशाची हे कळत नाही. वरून अर्धा सेंटिमीटर वाळू चाळावी. बी खोल गेले तर कोंब वर येत नाही, उघडे राहिले तर मुंग्या आणि खारी नेतात. वाळूवर वाळलेल्या गवताचा पातळ थर द्यावा आणि कोंब दिसू लागताच तो काढावा. हे काढणे विसरले की रोपे लांबट, पिवळी होतात.

झारीने सकाळ-संध्याकाळ पाणी. पाइप लावला तर पापड्या एका कोपऱ्यात वाहून जातात. आठवड्याभरात उगवण सुरू होते आणि तीन आठवड्यांत संपते. मे महिन्यातल्या उन्हाला अर्धी सावली देणारी हिरवी जाळी हवी, ती पहिल्या दमदार पावसानंतर काढावी. रोपे दाट झाली आणि वाफा सतत ओला राहिला की बुंध्याशी मर येते. रोप मातीलगत बारीक होऊन आडवे पडते. औषध मारण्याआधी विरळणी करावी आणि संध्याकाळचे पाणी बंद करावे. बहुतेक वेळा तेवढ्याने मर थांबते.

खऱ्या (बीदलांनंतर येणाऱ्या) पानांच्या दोन जोड्या आल्या की रोपे पिशवीत न्यावीत, सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी. रोप पानाला धरून उचलावे, देठाला चिमटीत धरले की ते आतून चिरडते. सोटमूळ पिशवीत वाकडे बसले तर तो दोष झाडाला जन्मभर राहतो, आणि वीस वर्षांनी वादळात झाड का पडले याचे उत्तर त्या वाकड्या मुळात असते. म्हणून लांब पिशवी घ्यावी आणि काडीने खोल छिद्र करून मूळ सरळ सोडावे. दर महिन्याला पिशव्या उचलून जागा बदलावी, नाहीतर मुळे तळातून जमिनीत शिरतात आणि उचलताना तुटतात.

एक सोपी वाटही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या वावळाभोवती, कुंपणाच्या कडेला, भिंतीच्या पायथ्याशी शेकडो रोपे आपोआप उगवतात. दोन-चार पानांची असताना मातीच्या गोळ्यासकट काढून पिशवीत लावली तर छान जगतात. ज्या रोपवाटिकेचे एप्रिल-मे हुकले, तिने निदान हे करावे.

उंच रोपांची अट आणि वावळ

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा. त्यात २०२१ मध्ये केलेल्या बदलांनुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावायची, रोपे सहा ते आठ फूट उंचीची हवीत आणि त्यांची निगा सात वर्षे घ्यायची. तरतूद चांगली आहे. पण सहा फुटी वावळ तयार व्हायला रोपवाटिकेत दोन ते तीन पावसाळे लागतात. आज बी पेरले नाही तर तीन वर्षांनी तोडल्या जाणाऱ्या पन्नास वर्षांच्या वावळाच्या बदल्यात पन्नास वावळ कुठून आणणार? बाजारात तयार उंच रोपे मिळतात ती ठरावीक जातींची, आणि मग तीच लागतात. भरपाई कागदावर पूर्ण होते, पण त्या जागेवरून वावळ गेला तो गेलाच.

टेकडीसाठी मात्र उंच रोपाचा आग्रह धरू नये. मुरमाड उतारावर आठ फुटी रोप वाऱ्याने डुलत राहते, मूळ धरत नाही आणि पहिल्या उन्हाळ्यात वरून वाळत येते. तिथे दीड ते तीन फुटी, जाड बुंध्याचे, वर्षाचे रोप उत्तम. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची) जी एकसुरी लागवड झाली ती लवकर हिरवे दिसावे म्हणून झाली. आता त्यात विरळणी करून देशी झाडे घालायची तर वावळ तिथे नैसर्गिकच आहे. कोवळेपणी थोडी सावली त्याला सोसते, म्हणून गिरिपुष्प एकदम साफ करण्याचीही गरज नाही. एका वर्षी एक पट्टा मोकळा करत जावे.

टेकडीवर खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल, मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा. लागवड पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जुलैच्या मध्यापर्यंत. उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध. दोन झाडांत पाच मीटर. ऑक्टोबरअखेर बुंध्याभोवती मीटरभर गवत उपटून तेच आच्छादन म्हणून पसरावे, पण बुंध्याला चिकटू देऊ नये. वणव्याचा धोका असेल तिथे हे आच्छादन मातीने दाबावे आणि पट्ट्याभोवती जाळरेषा काढावी. फेब्रुवारीत रोप पाने टाकते. ते मेले नाही! नखाने साल खरवडून हिरवे दिसले तर पाणी चालू ठेवावे. या एका गैरसमजापायी टँकर बंद होतो आणि जिवंत रोपे मरतात. पहिले दोन उन्हाळे दहा-बारा दिवसांनी दहा लिटर, पुढे काही नको.

कुठे लावू नये

वावळाची बाजू घेताना हेही सांगितलेच पाहिजे. त्याचे परागकण वाऱ्याने पसरतात आणि भारतातल्या ॲलर्जी करणाऱ्या परागकणांमध्ये त्यांचे नाव ठळक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो. म्हणून रुग्णालयाच्या आवारात, शाळेच्या वर्गखोल्यांना लागून, दाट वस्तीतल्या अरुंद गल्लीत वावळ लावू नये. शंभर झाडांची एकसलग रांगही नको. टेकडी, ओढाकाठ, महामार्गाची बाहेरची कड, गायरान, मोठ्या मैदानांची सीमा या त्याच्या जागा. मिश्र लागवडीत दहात एक वावळ पुरे. ॲलर्जीचे कारण देऊन असलेली जुनी झाडे तोडण्याला मात्र आमचा साफ विरोध आहे. पराग वाऱ्यावर दूरवर जातो, एक झाड पाडून गल्ली त्यातून सुटत नाही.

विजेच्या तारांखालीही नको. तिथे वावळ लावला की दर वर्षी त्याचा शेंडा छाटला जातो, खुंटात पाणी मुरते, आतून पोकळी होते आणि मग ‘धोकादायक झाड’ म्हणून प्रस्ताव येतो.

लोक त्याचे काय करतात

उपयोगाविना झाड टिकत नाही, म्हणून हेही मांडतो. पापडी सोलून आतला मगज पोरे खातात. तो तेलकट, चवीला बरा. वानरे तर पापड्यांच्या आणि कोवळ्या पाल्याच्या दिवसांत झाड सोडत नाहीत. पाला गुरांना चारा म्हणून उपयोगी पडतो. सालीचा लेप सांधेदुखीच्या सुजेवर आणि पाल्याचा लेप गजकर्णावर लावण्याची पद्धत जुनी आहे. संस्कृतात हा चिरबिल्व, आणि केरळच्या वैद्यपरंपरेत मूळव्याधीवर दिला जाणारा चिरबिल्वादी कषाय याच झाडाच्या नावाचा. त्याला पूतिकरंजही म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो. करंज वेगळा, सागरगोट्याला म्हणतात तो लताकरंज वेगळा. नावावरून साल विकत घेऊन पोटात घेऊ नये, वैद्याला झाड दाखवूनच घ्यावी.

औषधासाठी साल काढायची तर फांदीची, तीही छाटणीत पडलेल्या. बुंध्याची साल गोल फिरवून काढली की पानांनी तयार केलेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड वर्ष-दोन वर्षांत उभ्याउभ्या वाळते.

लाकूड पिवळसर-राखाडी, मध्यम वजनाचे, गाभा आणि बाहेरचे लाकूड यांत फारसा फरक नसलेले. गाड्यांचे भाग, फण्या, ब्रशच्या पाठी, खोकी यांसाठी ते वापरले गेले आणि कोळशालाही. ते कुचकामी ठरते ते हाताळणीमुळे. पडलेला ओंडका पावसात पडून राहिला की निळसर बुरशीचे डाग आत शिरतात, पाठोपाठ भुंगे पोखरतात, आणि लिलावात तो जळणाच्या भावाने जातो. वादळात पडलेला वावळ आठ-दहा दिवसांत करवतीवर गेला पाहिजे. इंचभर जाडीच्या फळ्या, बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात बुडवून, छपराखाली जमिनीपासून फूटभर उंच, दर दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात. पट्ट्या एकाखाली एक नसल्या तर फळी वाकते. अशी फळी बागेतल्या बाकांना चालणार नाही, उघड्यावर ती कुजते. पण उद्यान विभागाच्या कार्यालयातली कपाटे, रोपवाटिकेतले बीपेटारे, शाळांची घरातली बाकडी यांना अगदी चालेल.

हिमालयातला भाऊबंद

काश्मीरपासून गढवाल-कुमाऊंपर्यंत डोंगरी एल्म वाढतो, उल्मस वालिचियाना. तिथल्या लोकांनी त्याचा पाला गुरांना घातला, सालीच्या धाग्याचे दोर वळले, मोडलेल्या हाडावर सालीचा लेप बांधला. विसाव्या शतकात युरोपात एल्मच्या रोगाने झाडे मरू लागली तेव्हा हॉलंडमधल्या पैदासकारांनी याच हिमालयी एल्मशी संकर करून रोगाला तोंड देणारे वाण काढले. आणि आज तोच धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘असुरक्षित’ आहे. त्यामागे मोठे कारण दर वर्षीची चाऱ्याची छाटणी. सारख्या छाटलेल्या झाडाला फुले धरत नाहीत, फुले नाहीत तर बी नाही, आणि जुने झाड गेले की जागेवर रोप नसते. वावळ आज ‘असुरक्षित’ गटात नाही. पण शहरातल्या वावळावर डिसेंबर ते मे छाटणीची कुऱ्हाड चालते, म्हणजे नेमकी फुलापासून पापडीपर्यंत.

म्हणून मागण्या एवढ्याच. प्रत्येक शहराने आपल्या वृक्षगणनेतून बीसाठी किमान दहा वावळ निवडावेत, त्यांवर पाटी लावावी आणि डिसेंबर ते मेअखेर त्यांची छाटणी, धोक्याची फांदी वगळता, होऊ नये. बीसंकलन आणि वाफ्यांचा खर्च चालू वर्षाच्या रोपवाटिका-देखभालीच्या शीर्षाखाली धरून त्याची मंजुरी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोपवाटिकेच्या हाती द्यावी, म्हणजे चादरी, आकड्या, वाळू आणि पिशव्या ३१ तारखेआधी येऊन पडतील. जूनच्या यादीत वावळाची मागणी पुढच्या तीन वर्षांसाठी एकदम नोंदवावी, आकडा छोटा असला तरी. आणि पडलेला वावळ जळणात विकण्याआधी करवतीवर नेण्याचे लेखी आदेश असावेत.

ज्या रोपवाटिकांना झाडे निवडायला, पापडी पारखायला किंवा पहिला वाफा घालायला मदत हवी असेल, तिथे आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विनामोबदला येऊ. येण्याआधी फक्त वाफा तयार ठेवावा, आणि शेणखत चाळलेले असावे.

आपले,
देशी झाडांची रोपे करणारे आणि टेकड्यांवर ती जगवणारे